काकाजींचा पासवर्ड

काकाजींच्या घरी गेलं की पाण्याचा गिलास यायच्या आधी पासवर्ड यायचा. पाहुणा खुर्चीत टेकला आणि त्यानं खिशातून मोबाइल काढला, की काकाजी पुढे वाकून सांगायचे, "मोहाडीवाले. इंग्रजीत लिहा. सारे अक्षर लहान. मोठं काही नाही आपल्यापाशी." हे शेवटचं वाक्य ते प्रत्येकाला ऐकवत आणि ऐकवून झालं की स्वतःच थोडंसं हसत. कुरिअरवाला, नळ दुरुस्त करायला आलेला मिस्त्री, मतदार याद्या घेऊन हिंडणाऱ्या मास्तरीणबाई, कोणीच त्यातून सुटलं नाही.

भिलाईच्या स्मृति नगरात आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडीहून ते तरुणपणी इथल्या स्टील प्लांटमध्ये लागले, सगळी नोकरी रूळ बनवणाऱ्या रेल मिलमध्ये क्रेन चालवण्यात गेली आणि रिटायर झाल्यावर त्यांनी इथे घर बांधलं. त्यांचं खरं नाव गेटवरच्या पाटीवर होतं, पण ते कोणी वाचत नसे. गल्लीतल्या मराठी, छत्तीसगढी, बिहारी, तेलुगू अशा साऱ्या घरांचे ते काकाजीच होते. प्लांटमधल्या एवढ्या वर्षांत ताकिदीचा एक मेमो मिळाला नाही, हे ते अभिमानानं सांगत. बाकी कशाचा अभिमान त्यांना असल्याचं मला आठवत नाही.

त्यांच्याकडे इंटरनेट आलं ते त्यांच्या मुलामुळे, प्रशांतमुळे. तो बंगळुरूला नोकरीला. आई-वडील स्क्रीनवर दिसावेत म्हणून त्यानं कॉम्प्युटर घेऊन दिला आणि कनेक्शन लावून दिलं. कंपनीनं ते कनेक्शन त्या एका कॉम्प्युटरलाच बांधून दिलेलं होतं. पुढच्या सुट्टीत प्रशांत एक राउटर घेऊन आला. बाहेरून येणारी तार कॉम्प्युटरमध्ये, कॉम्प्युटरमधून दुसरी तार राउटरमध्ये, आणि तिथून पुढे हवेतून सगळीकडे, अशी जोडणी त्यानं करून दिली. यात एकच अडचण होती. कॉम्प्युटर चालू असला तरच राउटरला नेट मिळायचं. प्रशांतनं हे बजावून सांगितलं आणि तो निघून गेला. काकाजींनी ते ड्यूटीसारखं अंगावर घेतलं.

सकाळी चहाच्या आधी कॉम्प्युटर चालू व्हायचा. खुर्चीत ताठ बसून ते बटण दाबायचे आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणायचे, "शिफ्ट चालू." रात्री निजायला जाताना तो बंद व्हायचा. मधल्या वेळात तो थोडा वेळ नुसता राहिला की झोपी जायचा आणि गल्लीभर नेट बंद पडायचं. मग भिंतीपलीकडून आवाज यायचे, "काकाजी, गया क्या?" यावर काकूंनी आपला उपाय काढला होता. स्वयंपाकघरातून अंगणात जाताना, अंगणातून देवघराकडे येताना त्या माउसला बोटानं जरासा धक्का देऊन पुढे जायच्या. हातात परात असो नाही तर धुतलेल्या कपड्यांची बादली, तेवढं एक बोट मोकळं ठेवायच्या. काकू कॉम्प्युटरवर स्वतः काही करत नव्हत्या, पण त्याला जागं ठेवायचं काम त्यांचं होतं.

मी त्या वेळी दुर्गच्या एका खाजगी शाळेत शिकवत होते. घरी आई आणि मी दोघीच. माझे बीएडचे धडे त्याच नेटवर झाले. एकदा मी काकाजींना म्हटलं, की बिलात आमचाही वाटा असू दे. ते म्हणाले, "बेटा, आमच्या गावात विहीर आमच्या वावरात होती. आख्खा मोहल्ला पाणी भरे. माह्या बापानं कोणाले विचारलं नाही का तू किती बादल्या नेल्या. मी आता हवेचा हिशेब ठेवू का?" त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

कोरोनात शाळा मोबाइलवर आल्या तेव्हा काकाजींचं घर खऱ्या अर्थानं गल्लीचं झालं. लांबच्या घरांपर्यंत नेट पोचेना, म्हणून त्यांनी राउटर खिडकीत आणला, गजाला सुतळीनं बांधला आणि पावसाचे थेंब उडू नयेत म्हणून वर दुधाची धुतलेली पिशवी चढवली. पोट्टे आपापल्या ओट्यांवर, गच्च्यांवर मोबाइल घेऊन बसायचे. आमच्या गल्लीत भांडी घासायला येणारी दुलारीबाई अहिवारा गावाकडची. तिची मुलगी आणि नातू तिकडेच अडकले होते. ती काकाजींच्या पायरीवर बसून नातवाला फोनवर बघायची आणि काकाजी तेवढा वेळ प्रशांतचा फोनसुद्धा घ्यायचे नाहीत, कारण दोघं एकदम बोलायला लागले की चित्र अडकायचं. प्रशांत यावरून चिडायचा. काकाजी त्याला म्हणायचे, तुझा बाप रोजच असा दिसतो, तिचा नातू रोज वाढून राहिला.

काकाजींचा एकच जिवाभावाचा मित्र होता. त्यांना मी इथे शेंडे म्हणते. दोघं एकाच तालुक्यातले, एकाच वर्षी प्लांटमध्ये लागलेले, एकाच मिलमध्ये. सायकलींवर जोडीनं ड्यूटीला जायचे, घरंही त्यांनी एकाच गल्लीत बांधली. संध्याकाळी शेंडे काका यायचे आणि दोघं कंपाउंडच्या बुटक्या भिंतीवर बसायचे. फार बोलायचे असंही नाही. शेंडे काका तंबाखू मळायचे, काकाजी रस्त्यानं जाणाऱ्याला रामराम घालायचे. काकू दोन कप चहा भिंतीवर ठेवून जायच्या. मला वाटतं, काकाजींचा दिवस त्या दोन कपांवर संपायचा.

शेंडे काकांचा एकुलता एक मुलगा मंगेश. इंजिनिअर झालेला, पुण्याला नोकरीत होता. कोरोनात नोकरी गेली आणि तो घरी परत आला. काही महिने तो कोणाला दिसलाच नाही. मग हळूहळू त्याची परिस्थिती पालटली. नवी मोटरसायकल आली, हातात दोन-दोन फोन आले. दिवसभर तो वरच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसलेला असायचा. काकाजींना याचा फार आनंद झाला होता. ते मला कौतुकानं सांगायचे, "मंगेश घरूनच काम करून राहिला. आपलं नेट त्याले पुरते, हे बरं झालं." मंगेशची खोली लांब पडते म्हणून त्यांनी राउटर आणखी कडेच्या खिडकीत हलवला. स्वतःच्या घरात नवं कनेक्शन घ्यायला मंगेशला काहीच कठीण नव्हतं. हे आमच्यापैकी कोणाच्याही मनात आलं नाही.

पोलीस आले ते भर दुपारी. मी शाळेतून येऊन जेवत होते. भिंतीपलीकडून काकूंची हाक आली आणि मी तशीच उठून गेले. साध्या कपड्यांतले दोघं आणि ठाण्यातला एक शिपाई घरात उभे होते. क्रिकेटच्या सामन्यांवर पैसे लावणाऱ्यांना मोबाइलवर सट्ट्याची खाती उघडून द्यायची, असा धंदा कोणीतरी करत होतं. ते काम जिथून चालायचं, ते कनेक्शन काकाजींच्या नावावर निघालं होतं. दोघांनी तारा काढल्या, कॉम्प्युटर उचलला, गजाची सुतळी कापून राउटर घेतला, काकाजींचा फोन घेतला. काकाजी मधेच पुढे झाले. मला वाटलं, ते अडवणार. पण त्यांनी राउटरवरची दुधाची पिशवी काढून घडी करून खिडकीत ठेवली आणि बाजूला झाले.

ठाण्यात त्यांच्याबरोबर मी गेले. साहेब तरुण होता, उद्धट मुळीच नव्हता. त्यानं खुर्ची दिली. म्हणाला, "दादाजी, कनेक्शन आपके नाम पर है. पासवर्ड किस-किस को दिया था?" काकाजी म्हणाले, सबको दिया था. साहेबानं सबको म्हणजे कोण, असं विचारलं. काकाजी म्हणाले, जो आया उसको. साहेबाला वाटलं, हा म्हातारा चेष्टा करतो आहे. त्याचा आवाज तिथून बदलला. तो म्हणाला, नावं सांगितली नाहीत तर सगळं तुमच्यावर येईल. काकाजींनी हात मांडीवर ठेवले आणि पुढच्या सगळ्या प्रश्नांना ते गप्प राहिले.

परत येताना ऑटोत मी न राहवून विचारलं, "काकाजी, मंगेशच ना?"

"तू पाहिलं का त्याले करताना?"

"नाही."

"मीबी नाही पाहिलं. मंग नाव कावून घ्यायचं? शेंड्याले एकच पोरगा आहे."

काकाजींना कळलेलं होतं. मलाही कळलेलं होतं. आणि त्यांनी नाव घेतलं नसताना मी ते घ्यावं, असं माझ्याकडून झालं नाही. त्या आठवड्यातच मंगेश भिलाई सोडून गेला. हैदराबादला चांगलं काम मिळालं, असं शेंडे काका लोकांना सांगू लागले.

काकाजी रोजच्यासारखे संध्याकाळी भिंतीवर जाऊन बसले. काकूंनी दोन कप ठेवले. एक कप निवून गेला. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं आणि तिसऱ्याही. मग काकू एकच कप ठेवायला लागल्या आणि पुढे काकाजी बाहेर बसायचे थांबले. मधे एकदा ते स्वतः उठून शेंडे काकांकडे गेले होते. तिथे काय झालं ते मला काकूंनी नंतर सांगितलं. काकाजींनी मंगेशचं नावही काढलं नव्हतं. ते एवढंच म्हणाले होते, की ठाण्यात बोलावतात तेव्हा बाकावर फार वेळ बसावं लागतं, एखाद्या दिवशी तू सोबत येऊन बसशील का. शेंडे काका म्हणाले, गुडघे दुखून राहिले, डॉक्टरनं बाहेर पडू नको सांगितलं. काकाजी बरं म्हणून परत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी शेंडे काका दूध आणायला चौकापर्यंत चालत गेलेले मी पाहिले.

त्यांनी एवढं करून थांबावं, तर तेही नाही. गल्लीत एक बोलणं फिरायला लागलं, की रिटायर माणसाच्या घरी कॉम्प्युटर दिवसभर कावून चालू राहायचा, काकू सारख्या त्यापाशी काय करायच्या. माझ्या आईनं हे शेंडे काकांच्याच तोंडून ऐकलं. तिथे उभ्या असलेल्या चार बायकांपैकी एकीनंही म्हटलं नाही, की आमच्या मुलांची शाळा तिथूनच होत होती. आईनं म्हटलं. घराघरांत नवी कनेक्शनं आली, पोरांना काकाजींच्या गेटकडे जायची मनाई झाली. माणसं रस्त्यात भेटली की मोबाइलकडे बघत पुढे जायची. काकाजींचा रामराम अर्ध्यावर राहायचा. मग तेही हात वर करीनासे झाले. दुलारीबाई तेवढी येत राहिली. काम झालं तरी ती पायरीवर काकूंजवळ बसून राहायची.

प्रशांत येऊन गेला. त्यानं वकील लावला, वडिलांवर रागावला, रडलाही. तुम्ही इथे धर्मशाळा कशाला उघडली होती, असं तो मोठ्यानं म्हणाला ते आम्हाला भिंतीतून ऐकू आलं. जाताना तो मला म्हणाला, की ताई, तू तरी त्यांना समजाव, एक नाव सांगितलं की सुटतील. मी समजावायला गेले. काकाजी ऐकत होते. माझं बोलून झाल्यावर म्हणाले, "मी सुटीन. मंग?"

बोलावणी येतच राहिली. कधी ठाण्यात, कधी दुर्गला पोलिसांच्या मोठ्या ऑफिसात. काकाजी इस्त्रीचा शर्ट घालून, वेळेच्या बरेच आधी जाऊन बाकावर बसायचे. शाळेला सुट्टी असली की मी जायचे. त्यांना तिथे सट्टेवाले बाबा म्हणत. चहा आणणारासुद्धा म्हणायचा. पहिल्यांदा हाक आली तेव्हा काकाजींनी मागे वळून पाहिलं, दुसऱ्या कोणाला बोलावलं असावं म्हणून. नंतर नंतर ते त्या नावाला उठून उभे राहायला लागले. बहुतेक वेळा साहेब नसायचा आणि आम्ही तसेच परत यायचो.

घरात कॉम्प्युटरचं टेबल रिकामं पडलं होतं. काकू जाता-येता त्याच्यापाशी अजून हात पुढे करायच्या आणि मग बोट मिटून घ्यायच्या. काकाजींचं जेवण कमी झालं. बोलणं तर त्याहून कमी झालं. ते पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. मी वर्तमानपत्र वाचून दाखवायला जायचे, पण ते ऐकतात की नाही ते कळत नसे. एका रविवारी मी वाचत असताना ते मधेच बोलले.

"बेटा, मले केसचं काही वाटत नाही. जेलात टाकलं असतं तरी गेलो असतो. तो एक दिवस येऊन बसला असता ना माह्यापाशी. काही बोलला नसता तरी चाललं असतं."

मी पान उलटलं आणि पुढची बातमी वाचायला घेतली. त्यांनी हात हलवून नको म्हटलं.

त्यांना झटका आला तो दुर्गला जायच्या दिवशी. शर्ट घालून झाला होता, बटणं लावताना ते खाली बसले. मी आणि आईनं गाडी बोलावली, हॉस्पिटलमध्ये नेलं. वाचा गेलेली होती. डोळे मात्र उघडे होते आणि दार वाजलं की दाराकडे वळत होते. दारातून नर्स यायची, डॉक्टर यायचे, प्रशांत आला. दर वेळी त्यांचे डोळे थोडा वेळ दारावर राहायचे आणि मग मिटायचे. शेंडे काकांना निरोप गेला होता, मीच दिला होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकाजी गेले.

अंत्ययात्रेला गल्ली आली होती. इतके दिवस मोबाइलकडे बघत जाणारी माणसं हात जोडून उभी होती. त्यांच्यात शेंडे काका नव्हते. त्यांच्या घराच्या खिडक्या बंद होत्या.

ते तेरवीला आले. पंगत बसायची होती, मी पत्रावळी मांडत होते. गेटपाशी कोणीतरी बराच वेळ उभं आहे असं दिसलं, म्हणून मी काकूंना सांगितलं. काकू पदर सारखा करून गेटपर्यंत गेल्या. काही लागलं तर म्हणून मी त्यांच्या मागे गेले. शेंडे काका एकाएकी फार म्हातारे दिसत होते. दाढी वाढलेली होती. ते म्हणाले, "वहिनी, मी..." आणि त्यांनी हात जोडले.

काकू हळू आवाजात, आत बसलेल्या माणसांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं बोलल्या.

"भाऊजी, आत या. जेवून जा. त्यायनं तुमच्या घरचं नाव शेवटपावतर घेतलं नाही, मीबी घेणार नाही. पण माफी मागू नका. ती माह्यापाशी नाही. ज्यायच्यापाशी होती, ते सहा महिने तुमची वाट पाहून राहिले होते."

शेंडे काका गेटला धरून उभे राहिले. त्यांना आत येता येईना आणि जाताही येईना. काकूंनी फाटक उघडंच ठेवलं, आत आल्या, वरणाचं भांडं उचललं आणि पहिल्या पानापासून वाढायला सुरुवात केली.